गैरसोयीबद्दल क्षमस्व

२०१८ च्या मे महिन्यात फ्रँकफर्टहून मुंबईला यायला निघाले होते. वाईला आत्या अत्यवस्थ असल्याचे कळले, म्हणून तिकिटाची तारीख अलीकडे आणली होती. आईच्या माघारी तिनेच मला वाढवले. दुपारच्या विमानाची वेळ फलकावर आधी दोन तासांनी सरकली, मग पाच. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत फ्रँकफर्टला नियमित उड्डाणांना बंदी असते. बिघाड दुरुस्त होईतो ती वेळ उलटली आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो.

मधल्या काळात हिंदीतूनही घोषणा होत होती, 'देरी हो रही है'. प्रयोग शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण माझे लक्ष कर्त्याकडे गेले. या वाक्याचा कर्ता स्वतः विलंबच आहे! विमान कंपनी त्यात कुठेच नाही. मग जेवणाची कुपने वाटली गेली. रांगेत आम्ही सारे ती प्रसादासारखी घेत होतो. माझ्यापुढचे एक आजोबा म्हणाले, "निदान विचारतात तरी!" एका विद्यार्थिनीने काउंटरवर जाऊन मागितला, तेव्हा हक्कांची माहिती देणारा कागद हाती आला. तो न मागता देणे कंपनीवर बंधनकारक होते, हे त्याच कागदावरून कळले.

युरोपीय संघाचा २६१/२००४ हा नियम फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. जेवण, रात्रीचा मुक्काम, दोन दूरध्वनी हे सारे त्यात हक्क म्हणून लिहिलेले आहे. भरपाई मात्र मुळात उड्डाण रद्द झाल्यास किंवा प्रवाशाला विमानात प्रवेश नाकारल्यास होती. २००९ मध्ये स्टर्जन खटल्यात युरोपीय न्यायालयाने ती तीन तास वा अधिक उशिरा पोचणाऱ्यांनाही दिली. फ्रँकफर्ट–मुंबईएवढ्या अंतराला ६०० युरो. नेहमीचा तांत्रिक बिघाड ही 'असाधारण परिस्थिती' नव्हे, हे २००८ मध्येच ठरले होते. गंमत अशी, की हाच प्रवास उलट दिशेने, युरोपबाहेरच्या कंपनीच्या विमानाने केला असता तर हा नियम लागू झाला नसता. तेव्हा उरतो तो १९९९ चा मॉन्ट्रियल करार. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यात झालेले नुकसान प्रवाशाला दाखवून द्यावे लागते.

स्टर्जनचा निकाल मी नंतर वाचला. गेलेला वेळ परत आणता येत नाही, म्हणून त्याची फक्त भरपाईच होऊ शकते, असा त्यातला युक्तिवाद आहे. आणि ती सर्वांना सारखी. सुटी संपवून परतणाऱ्याला आणि मला एकच रक्कम. प्रथम याचा राग आला. मग वाटले, दुःख पुराव्यानिशी मांडायला लागले असते तर ते मला जमले असते का?

मुंबईत उतरले तेव्हा भावाचा निरोप आलेला होता. मे महिना, थांबणे शक्य नव्हते. वाईला पोचले तेव्हा घाटावरून सगळे परतलेही होते.

भरपाईच्या पत्रात आत्याबद्दल एक वाक्य लिहिले होते, ते खोडले. उड्डाण क्रमांक, तारीख, विलंबाचे तास एवढेच ठेवले. कंपनीने आधी 'असाधारण परिस्थिती' म्हणून नकार कळवला. दुसऱ्या पत्रात २००८ च्या निकालाचा उल्लेख केला, तेव्हा ऑगस्टमध्ये पैसे आले. सोबतच्या पत्रात, झालेल्या गैरसोयीबद्दल खेद वाटतो, असे छापलेले होते.