जुने भिंग

आमच्या दिवाणखान्यात वडिलांची जी तसबीर आहे, ती त्यांच्या ओळखपत्रावरील टिकलीएवढ्या छायाचित्रावरून मोठी करून घेतलेली आहे. खांद्यापाशी कचेरीच्या शिक्क्याचा अर्धा गोल अजून दिसतो. दुसरे छायाचित्र का लावले नाही, असे कुणी विचारले की आम्ही विषय बदलतो. कारण दुसरे नाही, आणि ते नसण्याचा दोष आमच्याकडे आहे.

१९७७ साली, महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर, आम्ही जुमेरात बाजारातून ४० रुपयांस एक वापरलेला आग्फा क्लिक थ्री खरेदी केला. हा कॅमेरा तेव्हा बडोद्यास तयार होई. एका रिळात १२ चौरस छायाचित्रे. उन्हासाठी एक खूण, ढगाळ हवेसाठी दुसरी. एवढाच त्याचा कारभार. वडिलांना अंगणात उभे राहून फोटो काढून घेणे म्हणजे थिल्लरपणा वाटे. म्हणून सुलतान बाजारातील आमच्या जुन्या घराच्या माजघरात, ४० वॅटच्या दिव्याखाली ते वर्तमानपत्र वाचीत बसले असता आम्ही अख्खे रीळ त्यांच्यावर संपवले. धुऊन आले तेव्हा बाराही चौकोनांत नुसता काळोख. वडील काही बोलले नाहीत. आम्हीही पुन्हा प्रयत्न केला नाही. १९८१ साली ते गेले.

याच शहरात सहाव्या निजामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी काचेच्या पट्ट्यांवर दरबार, शिकारी आणि वाडे टिपून ठेवले. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. पण चित्रशाळेची पायरी चढणारी घराणी निराळी. आमच्यासारख्या कारकुनी घरांतून माणसे येत, राबत आणि जात. मागे उरे ते ओळखपत्र.

२०१८ साली आम्ही महसूल खात्यातून निवृत्त झालो आणि निकॉनचा एक वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. सोबत नेहमीचे १८-५५ मिलिमीटरचे भिंग होते. उस्मानसागरचे पाणी, गोवळकोंड्याचे बुरूज, नातवंडांचे वाढदिवस त्याने उत्तम टिपले. अडले ते घरातच. आमच्या मातोश्रींचे वय आज ८८ आहे. सायंकाळी देवघरापाशी बसून त्या वाती वळतात. फ्लॅश त्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना सोसत नाही. फ्लॅशविना घ्यावे तर हात धूसर येत. कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी तर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटत. संगणकाच्या पडद्यावर ती चित्रे पाहताना आम्हास १९७७ चे ते रीळ आठवले.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, भिंगाच्या तोंडाचा होता. ५५ मिलिमीटरवर आमचे भिंग एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नसे. एफ १.८ पर्यंत उघडणारे भिंग त्याच्या साडेनऊपट प्रकाश आत घेते. म्हणजे जिथे १/६ सेकंद लागे, तिथे १/६० सेकंदात काम भागते. तेवढ्या अवधीत वातीवरचे बोट फारसे हलत नाही.

कोठीच्या एका दुकानात ५० मिलिमीटरचे, एफ १.८ चे जुने भिंग मिळाले. सरकारी नोकरीत तपासणीची सवय लागलेली. आम्ही विजेरीचा झोत आरपार सोडून बुरशीचे जाळे शोधले, पात्यांवर तेल उतरले आहे का पाहिले, कडी फिरवून ती अडते का हे चाचपले. दुकानदार शांतपणे पाहत होता. शेवटी म्हणाला, "साब, माल अच्छा है. पर ये आपके कॅमेरे पे खुद से फोकस नइं करता. हाथ से घुमाना पड़ता. बाद में वापस नक्को लाओ." त्याचे म्हणणे खरे होते. त्या भिंगाला फिरवणारी मोटर कॅमेऱ्यात असावी लागते आणि आमच्या स्वस्त कॅमेऱ्यात ती नव्हती. पण आमच्यासारख्या निकॉन कॅमेऱ्यांवर भिंग बसवण्याचे कडे १९५९ पासून मुळात तेच राहिले, म्हणून ते बसले तरी. ५,५०० रुपये मोजून आम्ही घरी आलो.

पुढचे आठ दिवस फजितीचे गेले. एवढे उघडे भिंग दीड मीटरवर जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट दाखवते. हात नीट आले की डोळे विरघळत. आमची नजरही आता भरवशाची नाही. चौकटीच्या कोपऱ्यातील हिरवा ठिपका पेटेपर्यंत कडे फिरवीत बसणे, एवढेच हाती होते. "अरे, किती वेळ त्या डब्यात तोंड खुपसून बसणार आहेस?" मातोश्री विचारीत. नवव्या दिवशी त्यांनी वात समईला लावण्यापूर्वी क्षणभर वर पाहिले, आणि ठिपका पेटला.

सौभाग्यवतींनी ते चित्र मोठे करून आणले. मातोश्रींनी ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "ह्यांचा एक असा आला असता."

"तेव्हा अंधार होता, आई," आम्ही म्हणालो.

"अंधार होता रे. पण ते हलले नव्हते. पेपर नुसता समोर धरला होता. बाराही वेळा श्वास रोखून बसले. मला म्हणाले, पोराचं रीळ वाया जायला नको."

इतकी वर्षे आम्ही समजत होतो की त्या संध्याकाळी वडिलांना आमच्या खटाटोपाची खबरही नव्हती.

आमच्या जुन्या घरांतून अजूनही कितीतरी माणसे माजघराच्या अर्धवट उजेडात बसलेली आहेत. त्यांना अंगणात बोलावू नये. शक्य तर तेवढ्या उजेडात पाहू शकणारे भिंग आणावे. वापरलेले चालते. फक्त आणण्यास उशीर करू नये.