एकदा वाचण्यापुरती

हार्ड डिस्क गेली की गिऱ्हाईक विचारतं, "दुरुस्त होईल का नवीनच घ्यावी लागेल?" मी या प्रश्नाचे दोन भाग करतो. काम चालवायला नवीन डिस्क घ्यायचीच. एकदा दगा दिलेल्या डिस्कवर पुन्हा विसंबायचं नाही. दुरुस्ती असते ती आतला डेटा एकदा बाहेर काढण्यापुरती. म्हणून मी उलट विचारतो, "हिच्यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठेच नाही?"

मग डिस्कला कान लावतो. ती फिरतच नसेल, तर आधी बोर्ड बघायचा. चुकीचा अडॅप्टर लागला की बोर्डावरचा टीव्हीएस डायोड जादा व्होल्टेज अंगावर घेऊन शॉर्ट होतो. तेवढा काढला की पुष्कळदा डिस्क उठते. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता लावून मात्र सहसा भागत नाही. त्या एका डिस्कच्या हेडची जुळणी रॉममध्ये असते. ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर चढवावी लागते.

डिस्क फिरते पण वाचताना अडखळते, तेव्हा लोक चेकडिस्क चालवतात. ते फाइल सिस्टीम सावरायला बघतं आणि त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहीत सुटतं. मी डीडीरेस्क्यू लावतो: आधी सहज येईल तेवढं नव्या डिस्कवर उतरवायचं, अडलेल्या सेक्टरांशी झुंज शेवटी. पुढचं काम सगळं कॉपीवर.

टकटक ऐकू आली, तर लगेच वीज बंद. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या प्लॅटरवर हेड काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगतं. तिथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात आलेला डोंगर. अशी डिस्क माझ्या टेबलावर उघडायची नाही. फ्रीझरमध्येही ठेवायची नाही, आत दव धरतं. ती क्लीन रूम असलेल्या लॅबलाच द्यावी, आणि तिथलं बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतं.

म्हणून आधी फोनाफोनी करायला सांगतो. टॅलीचा डेटा सीएकडे निघतो, बारशाचे फोटो मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, जरा धुरकट का होईना. एवढं करूनही काही उरलंच, तर ते लॅबच्या बिलाच्या तोलाचं आहे का, हे घरच्यांनी ठरवायचं. तोलाचं असेल, तर त्या डिस्कला हात न लावणं हेच माझं काम.

नवीन डिस्क घेताना मात्र मी दोन घ्यायला लावतो. दोन्हीवर तोच डेटा असला की पुढच्या वेळी निर्णय सोपा असतो: गेली ती बदलायची.