फणीकरंड्याची पेटी

माझ्या कपाटात सागवानी लाकडाची एक फणीकरंड्याची पेटी आहे. झाकण मागे टेकवले की आतला आरसा समोर उभा राहतो. डाव्या कप्प्यात मेणाची डबी, उजव्यात कुंकवाचा करंडा, खालच्या खणात फणी. आरशाचा पारा कडेने उडाला असला तरी कपाळापुरता भाग अजून स्वच्छ आहे. आजीने ती माहेराहून आणलेली.

आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. ते ऐन उमेदीत वारले, तेव्हा रूढीने जे जे सांगितले ते सारे आजीच्या बाबतीत यथासांग पार पडले आणि पेटी माळ्यावर गेली. वर्षश्राद्ध उरकल्यावर एका सकाळी आजीने ती स्वतः खाली काढली, अनामिकेने कपाळावर मेण टेकले, त्यावर कुंकू भरले, कडेचे सांडलेले पदराने टिपले आणि ती नित्याप्रमाणे चुलीपुढे जाऊन बसली. चुलत सासऱ्यांनी जाब विचारला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मामंजी, परकर नेसत होते तेव्हापासून मी कुंकू लावते. ते काही लग्नात मिळालेलं नव्हतं." या उत्तरापुढे कोणाचा युक्तिवाद चालला नाही, मात्र युक्तिवाद संपला की समाजाचा अंमल सुरू होतो. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली, उपाध्याय घरचे कार्य टाळू लागले, पाणवठ्यावर बायका तिच्याआधी घागरी उचलून निघून जाऊ लागल्या. आजीने पाण्याला जाण्याची वेळ कधी बदलली नाही.

पुढे कॉलेजात असताना मी आगरकर वाचले. आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभूचा हा दमेकरी, निर्धन, बुद्धिनिष्ठ माणूस. १८८८ मध्ये 'सुधारक' काढून ज्याने विवेकाखेरीज कोणाचीही ताबेदारी पत्करली नाही, आणि ज्याची प्रेतयात्रा पुण्यातील सनातन्यांनी त्याच्या हयातीतच काढली. १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला, हे वाचून मी थक्क झाले, कारण त्या नकारात त्यांची रोजची मिळकत बुडत होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, हे आपण कर्व्यांच्या धैर्याची कथा म्हणून सांगतो. मला गोदूबाईंचे धैर्य तसूभर अधिक वाटते. या सर्वांना निदान कोणी सहकारी होता, सभा होती, छापखाना होता. आजीपाशी युक्तिवाद एकच होता आणि तो ऐकून बाजूस उभे राहणारे कोणी नव्हते. म्हणून आत्मप्रत्ययाचा विचार करू लागले की मला थोरांच्या आधी तिचे ते बोट आठवते.

आजीमागून पेटी सुनेकडे, म्हणजे माझ्या आईकडे आली. वडील गेले तेव्हा काळ पालटला होता. आम्ही मुले शिकलेली, सुधारलेली, आजीच्या वारशाचा अभिमान बाळगणारी. आम्ही पेटी आईपुढे ठेवली आणि तिने पूर्ववत कुंकू लावावे असा आग्रह धरला. आईने आमचे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि झाकण लावले. "ते मी त्यांच्यासाठी लावत होते. ते गेले, आता मला नको. तुम्हाला बरं दिसावं म्हणून कशाला लावू?" पुढे मामा, मावशी, शेजारणी, सगळ्यांनी तिला 'आता कोण पाळतं हे' म्हणून समजावले, ती आपल्या जागेवरून हलली नाही. आजी रूढीपुढे जशी उभी राहिली तशीच आई आमच्या सुधारणेपुढे उभी राहिली, आणि दोघींचे निर्णय परस्परविरुद्ध असूनही मला त्यांच्यात तिळमात्र अंतर दिसत नाही.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानेही परिपत्रक काढून इतर गावांना तसे आवाहन केले. वाचून मला मनापासून आनंद झाला. ठरावाने जबरदस्तीचा हात अडवता येतो, आणि ते मोठेच कार्य आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी, जावा-नणंदांच्या देखत, आरशापुढे काय करायचे हे त्या बाईलाच ठरवावे लागते, आणि तिथे ग्रामपंचायतीचा शिक्का पोहोचत नाही.

आमच्या घरी असले विषय काढले की 'अभद्र बोलू नये' म्हणून मला गप्प करतात. तरीही मुलांना मी बजावून ठेवले आहे: ती वेळ माझ्यावर आलीच, तर ही पेटी कोणी माझ्यापुढे आणून ठेवू नये, आणि कोणी ती माळ्यावरही टाकू नये.