गार्डनर संग्रहालयातील वासंतिक वेली

राहते घर आतील वस्तूंसह जपून लोकांना खुले करणारे गृहसंग्रहालय काळाला थोपवून धरण्याचा प्रयत्न करीत असते, आणि बॉस्टन येथील इझाबेला स्टुअर्ट गार्डनर संग्रहालयात हा प्रयत्न पराकोटीला गेलेला दिसतो. व्हेनिसच्या प्रासादांच्या धर्तीवर उभारलेली ही वास्तू १९०३ मध्ये खुली झाली. संग्रहालयाच्या संस्थापक इझाबेला गार्डनर १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्याच चौथ्या मजल्यावर राहत होत्या, आणि दालनांतील मांडणीत लक्षणीय बदल झाल्यास सारा संग्रह विकून येणारा पैसा हार्वर्ड विद्यापीठाला द्यावा, अशी अट त्यांनी मृत्युपत्रात घातली. १९९० मध्ये येथून १३ कलाकृती चोरीस गेल्या, तेव्हाही रेम्ब्राँच्या चित्रांच्या रिकाम्या चौकटी मूळ जागीच ठेवण्यात आल्या.

अशा अचल घराच्या मधोमध, काचेच्या छताखालील चौकात, ऋतूंना मात्र मुक्त प्रवेश आहे. मेड्युसाचे मुख रेखलेल्या रोमन मोझॅकभोवती, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जुळवून केलेल्या फरशीभोवती, वर्षभर फुलझाडे पालटत राहतात. त्यांत सर्वांत लक्षवेधी असतात त्या एप्रिलच्या सुमारास तिसऱ्या मजल्याच्या सज्जांतून खाली सोडलेल्या नॅस्टर्शियमच्या वेली. वाटोळ्या पानांची व केशरी फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातली. बियाणे आदल्या उन्हाळ्यात पेरले जाते, बॉस्टनचा कडक हिवाळा वेली काचगृहात काढतात, आणि माळी महिनोन्महिने निगा राखून, वळण लावून त्यांना सुमारे २० फूट लांब वाढवतात. तरीही चौकातील त्यांचे आयुष्य जेमतेम तीन आठवड्यांचे असते.

ही प्रथा खुद्द गार्डनर यांनी सुरू केली असल्याने तीही चित्रांइतकीच त्यांच्या वारशाचा भाग ठरते. परंतु दोहोंच्या जतनाची रीत सर्वस्वी भिन्न आहे. चित्र जपायचे तर त्याला हात लावू नये, असा नियम करता येतो. वेलीच्या बाबतीत असा नियम निरुपयोगी आहे, कारण मागील वर्षाची वेल यंदा उरलेलीच नसते आणि तिच्याविषयीची जाण माळ्यांच्या एका पिढीने दुसरीला कामातूनच द्यावी लागते. म्हणूनच तीन आठवड्यांच्या बहरासाठी घेतलेले हे श्रम उधळपट्टी ठरत नाहीत. मृत्युपत्रातील अटीने या घरातील वस्तू जागच्या जागी राहिल्या. घर नांदते राहिले ते मात्र कोणत्याही दंडाच्या धाकाशिवाय दरवर्षी नव्याने पेरणी करणाऱ्यांमुळे, आणि या घराच्या राखणदारांत त्यांचे स्थान पहिल्या ओळीतच असले पाहिजे.