पाणी कुठं जाणार?

आजींच्या मनगटाचे प्लॅस्टर सहा आठवड्यांनी निघाले, पण मनातली भीती काही निघेना. एचएसआर लेआउटमधल्या त्या घराच्या तळमजल्यावर, गाडी उभी राहते तिथेच त्या घसरल्या होत्या. सप्टेंबरची संध्याकाळ, तिरप्या पावसाने आत आलेले पाणी, गाडीखाली गळलेल्या तेलाचा पातळसा ओघळ आणि बिल्डरने बसवून दिलेली गुळगुळीत, चकचकीत फरशी. नातवाची सायकल आत ओढून घ्यावी म्हणून त्या दोन पावले पुढे गेल्या आणि काही कळायच्या आत हातावर पडल्या.

"थोडक्यात निभावलं," डॉक्टर म्हणाले, "या वयात खुब्याचं हाड मोडलं असतं तर फार कठीण झालं असतं."

घरी आल्यावर आजींनी मुलाला एवढेच सांगितले, "मला आपलं सोलापूरला नेऊन सोड बाबा. तिथली जमीन माझ्या पायांच्या ओळखीची आहे."

मुलाला वाटले, दुखण्याच्या भरात बोलली असेल. पण सुनेला ते वाक्य टोचून राहिले. कारण त्या दिवसापासून आजी खाली उतरायच्याच बंद झाल्या होत्या.

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बेंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली आणि सात सेक्टरांत विभागलेली ही वसाहत. तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट आणि त्यावर दोन-तीन मजले अशी घरे इथे ओळीने दिसतात. अशा घरांना अंगण कुठून असणार? फाटकाच्या आत गाडीपुरती जागा, तिच्यावर छप्पर म्हणून पहिला मजला. कुणी तिला पोर्टिको म्हणते, कुणी गॅरेज, कुणी नुसते पार्किंग. पण सकाळी नऊला गाडी बाहेर पडली की तेच घराचे अंगण होते. आजी तिथे खुर्ची टाकून भाजी निवडत, तुळशीला पाणी घालत आणि भाजीवालीशी आपल्या सोलापुरी कानडीत गप्पा मारत. आजोबा गेल्यानंतर परक्या शहरात आलेल्या बाईला चार चेहरे ओळखीचे झाले होते ते या जागेमुळेच.

फरशी बदलायची हे सुनेने ठरवले. कोणती बसवायची यावर मात्र घरात तीन मते पडली.

मुलाच्या मनात इपॉक्सी होती. रेझिन आणि हार्डनर अशी दोन द्रव्ये मिसळून काँक्रीटवर ओतायची की आरशासारखा अखंड थर तयार होतो. सांधा नाही, त्यामुळे कचरा अडकत नाही. तेल सांडले तर फडक्याने पुसून घ्यायचे. कारखान्यांत आणि गाड्यांच्या शोरूममध्ये हीच जमीन असते. "एकदा केलं की बघायला नको," तो म्हणाला.

सूनबाई बँकेत नोकरी करणारी. कागदावर सही करण्यापूर्वी खालची बारीक अक्षरे वाचायची तिची सवय. तिने चौकशी केली तेव्हा इपॉक्सीच्याही काही अटी निघाल्या. खालचे काँक्रीट किमान अठ्ठावीस दिवसांचे, कोरडे आणि घासून खरखरीत केलेले हवे. सतत ऊन लागले तर इपॉक्सी पिवळी पडते. तयारी नीट झाली नसेल तर उन्हातून आलेल्या गाडीची तापलेली चाके तिचा पापुद्रा उचलतात. ओली झाली की ती घसरडी होते. तसे होऊ नये म्हणून वरच्या थरात बारीक वाळू मिसळावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमिनीतून ओल वर येत असेल तर हा थर फुगून सुटतो.

ओल आहे की नाही हे पाहण्याचा उपाय अगदी सोपा आहे. काँक्रीटवर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करायचा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवायचा. तडकलेल्या दोन टाइल्स काढून सुनेने ही परीक्षा केली. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब जमले होते आणि खालचे काँक्रीट काळपट पडले होते. मुलाने ते पाहिले आणि शोरूमसारख्या जमिनीचे नाव पुन्हा काढले नाही.

त्या दोन टाइल्सनी आणखी एक गुपित उघडे केले. त्यांच्याखाली सिमेंटचा माल पूर्ण पसरलेलाच नव्हता. मधे चार गोळे टाकून वर टाइल दाबलेली. नाण्याने ठोकून पाहिले तर निम्म्या फरशीतून पोकळ आवाज येई. माणसांच्या खोलीत अशी फरशी वर्षानुवर्षे टिकूनही जाते, पण गाडीचे तसे नसते. लहानशा गाडीचेही हजार-बाराशे किलो वजन चार चाकांवर, म्हणजे चार तळहातांएवढ्या जागेवर येते. खाली पोकळी असली की टाइल तडकणारच. टाइल बदलायची तर पार्किंगसाठीच तयार केलेली, जाड आणि खरखरीत टाइल घ्यावी. व्हिट्रिफाइड असेल तर ती पाणी आणि तेल जवळजवळ शोषत नाही. उलट, नक्षीच्या सिमेंट टाइल्स तेल पिऊन घेतात आणि खोल खाचांत माती धरून ठेवतात. रबराच्या किंवा पीव्हीसीच्या चटया भाड्याच्या घरात सोयीच्या, कारण जाताना गुंडाळून नेता येतात. मात्र त्यांच्याखाली पाणी साचते आणि डासांचे फावते.

आजींचे मत विचारले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घरी शहाबादी होती. पन्नास वर्षं वापरली. उन्हाळ्यात गार आणि पाय कधी सरकला नाही."

शहाबाद हे गाव सोलापूरहून रायचूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, गुलबर्ग्याच्या म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या पुढे लागते. तिथला हा करडा, सपाट निघणारा दगड महाराष्ट्रातल्या किती वाड्यांत, ओसऱ्यांत आणि मोऱ्यांत बसला असेल याची गणतीच नाही. सुनेने लगेच होकार दिला. सासूबाईंचा पाय ज्या दगडावर स्थिरावतो तोच बसवावा, यापेक्षा चांगले काय?

पण दोन दिवसांनी आजींनी स्वतःच तो बेत मोडला. दुपारी चहा घेताना त्या म्हणाल्या, "अगं, एक आठवलं. खंडेनवमीला हे स्कूटरची पूजा करायचे, चाकाखाली लिंबू चिरडायचे. तिथे फरशीवर पांढरे डाग पडले ते पडलेच. किती घासलं तरी गेले नाहीत. आणि इथे तर चार चाकं, चार लिंबं."

त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. आम्ल लागले की चुनखडी विरघळते. लिंबू, चिंच, व्हिनेगर, मोरी धुण्याचे ॲसिड यांपैकी काहीही पडले तरी तिचा पृष्ठभाग खातो आणि पांढुरका डाग उरतो. तो डाग धुऊन कसा जाणार? तो वर चढलेला नसतो, तिथला दगडच थोडा गेलेला असतो. बेंगळुरूत आयुधपूजेला गाडीला हार, कुंकू, फोडलेला कोहळा आणि चाकाखाली लिंबू हे सारे आलेच. आपल्या आवडीच्या दगडाविरुद्ध आजींनी स्वतःच साक्ष दिली, याचे सुनेला मोठे कौतुक वाटले.

अखेर घरी मेस्त्री आला. वयस्कर, कमी बोलणारा. मुलगा त्याच्याशी हिंदीत बोले, सून इंग्रजी-कन्नडची खिचडी करी आणि तो दोघांनाही मान डोलावून "आगत्ते, आगत्ते" म्हणजे होईल, होईल म्हणे. आजी महिन्याभरात पहिल्यांदाच सुनेचा हात धरून खाली आल्या होत्या. त्यांनी त्याला एकच प्रश्न केला, "नीरु एल्लि होगतद?" पाणी कुठं जाणार?

मेस्त्रीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. मग नळाखालची बादली भरून आणली आणि फरशीच्या मधोमध ओतली. पाणी क्षणभर थबकले आणि फाटकाकडे जाण्याऐवजी हळूहळू उलट, जिन्याकडे सरकले. तिथे काय होते? संपचे झाकण.

घरातले सगळे स्तब्ध झाले. बेंगळुरूच्या घरांत संप म्हणजे पाण्याची जमिनीखालची टाकी, आणि ती बहुधा गाडीच्या जागेखालीच असते. नळाचे पाणी तिथे साठते, तिथून पंपाने गच्चीवर जाते आणि मग स्वयंपाकघरात येते. झाकणाची कड फरशीच्या पातळीत होती. गाडीखालचे तेल, चाकांचा चिखल, पावसाचे पाणी हे सारे इतके दिवस त्या फटीशी जाऊन थांबत होते. आजी घसरल्या नसत्या तर हे कधी कळलेही नसते.

"फरशी नंतर. आधी उतार," मेस्त्री म्हणाला. आता तो आजींकडे बघून बोलत होता.

एचएसआरमध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा होता. वसाहतीच्या कडेला अगरा तलाव आहे आणि आसपासचा बराच भाग सखल आहे. सप्टेंबर २०२२ मधल्या पावसात बेंगळुरूच्या या दक्षिण-पूर्व पट्ट्यातले रस्ते पाण्याखाली गेले आणि कितीतरी घरांच्या तळघरांत पाणी शिरले. नंतर २०२४ च्या मार्चमध्ये त्याच शहरात पाण्याची अशी टंचाई झाली, की जलमंडळाने पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरायला बंदी घातली आणि मोडणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लावला. कधी पाणी नको तितके, तर कधी हवे तेवढेही नाही. इथली फरशी निवडायची ती दोन्ही दिवसांचा विचार करून. पाणी आले तर ते आपोआप बाहेर गेले पाहिजे, आणि नसेल तेव्हा नळी न लावता बादलीभर पाण्यात ती स्वच्छ झाली पाहिजे.

ग्रॅनाइट घ्यायचे ठरले, पण घरात ओट्याला लावतात तसले चकचकीत नव्हे. बेंगळुरूच्या उत्तरेला देवनहळ्ळीच्या बाजूचा करडा सादरहळ्ळी दगड या शहरात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. १९५६ मध्ये पूर्ण झालेले विधानसौधही ग्रॅनाइटचेच. या दगडाच्या पृष्ठभागावरून तीव्र ज्योत फिरवली की वरचे कण तडतडून उडतात आणि तो खरखरीत होतो. त्यालाच फ्लेम फिनिश म्हणतात. ओल्या पायालाही तो पकड देतो आणि लिंबाला दाद देत नाही. खरखरीत असल्यामुळे नुसत्या फडक्याने पुसून मात्र भागत नाही, काथ्याचा ब्रश लागतो. तेल फार वेळ राहिले तर ग्रॅनाइटही ते थोडे शोषतो. म्हणून बसवल्यावर सीलर लावायचा आणि तेल गळले की लगेच लाकडाचा भुसा टाकायचा. तासाभराने तो झाडून घ्यायचा आणि धुण्याच्या सोड्याने घासायचे.

जानेवारीच्या कोरड्या दिवसांत काम सुरू झाले. जुनी फरशी उखडून खालचे काँक्रीट फाटकाच्या दिशेने उतरते केले, दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच. त्याहून कमी उतार दिला तर खरखरीत दगडावर पाणी रेंगाळते. फाटकापाशी आडवी नाली करून तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. गच्चीवरच्या पावसाचे पाणी शोषखड्ड्यात जाते, पण हे तेलकट पाणी त्यात मिसळणार नाही अशी सोय केली. संपची कड चार इंच उंच करून वर घट्ट झाकण बसवले. प्रत्येक दगडाखाली माल पूर्ण पसरला की नाही हे पाहायला आजी खुर्ची टाकून बसत आणि सुनेकडून मागून घेतलेल्या दोन रुपयांच्या नाण्याने ठोकून बघत. "इथे पोकळ आहे रे," त्या कानडीत सांगत आणि मेस्त्री तो दगड मुकाट्याने उचलून पुन्हा बसवी. तीन आठवडे गाडी रस्त्यावर उभी राहिली. मुलाची कुरकुर चालू होती, पण फाटक काही उघडले गेले नाही.

भिंतीलगत तुळशीच्या कुंडीपाशी, जिथे चाक पोहोचत नाही तिथे, मेस्त्रीने दीड हात रुंदीची एक पट्टी मोकळी ठेवली होती. त्याने विचारले, "इथे काय?" सुनेने आधीच शहाबादीचे चार तुकडे आणून ठेवले होते.

पुढचा सप्टेंबर आला. एका संध्याकाळी तसाच तिरपा पाऊस लागला. आजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या. पाणी आत आले, दगडावर पसरले आणि वळून फाटकाच्या जाळीत नाहीसे झाले. नातवाची सायकल तशीच उघड्यावर होती. आजींनी चपला काढल्या, दहा पावले चालत गेल्या, सायकल आत आणली आणि तितक्याच सावकाश परत आल्या. वरून पाहणाऱ्या सुनेने श्वास रोखून धरला होता. तो सोडला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

आयुधपूजेच्या दिवशी मुलगा चाकांखाली लिंबे ठेवताना घुटमळला. "आई, बाहेर रस्त्यावर ठेवू का?"

"ठेव इथंच," शहाबादीच्या पट्टीवर बसून रांगोळी चाळता चाळता आजी म्हणाल्या. "या दगडाला काही होत नाही. आणि नंतर बादलीभर पाणी टाक. ते कुठं जातं, मला ठाऊक आहे."

सोलापूरला नेऊन सोडण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.