बोलण्याचेसुद्धा पैसे?

“बोलण्याचेसुद्धा पैसे घेता तुम्ही?” असं मला पहिल्यांदा विचारलं ते एका वधूपित्यानं. प्रश्नात राग नव्हता, निखळ आश्चर्य होतं. मांडववाला पैसे घेतो, आचारी घेतो, वाजंत्री घेतात, हे त्यांना मान्य होतं. पण घरंदाज बाईनं हातात माइक धरून चार गोड शब्द बोलायचे आणि त्याचे पैसे मागायचे, हे काही त्यांच्या पचनी पडेना. खरं सांगायचं तर तेव्हा ते माझ्याही पडत नव्हतं. मी मान खाली घालून म्हटलं, “तुम्हाला योग्य वाटेल ते द्या.” आणि कार्य आटोपल्यावर एक नारळ नि एक ब्लाउजपीस घेऊन घरी आले!

ही गोष्ट २००६ सालची. आम्ही इचलकरंजीचे. गाव यंत्रमागांचं; माग चालले तर गाव चालणार. हे एका कारखान्यात हिशेब लिहायचे. मंदी आली की पगार पुढच्या महिन्यावर जायचा. दोन मुलं, सासूबाई, घरभाडं, किराणा. मी पिको-फॉल करून पाहिलं, पण गल्लीत दर तिसऱ्या घरात शिलाई मशीन होतं.

त्या दिवसांत टीव्हीवर ‘होम मिनिस्टर’ भलतंच गाजत होतं. २००४ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला, आदेश बांदेकर घरोघरी जाऊन पैठणी देऊ लागले, आणि बघता बघता गावोगावची मंडळं ‘खेळ पैठणीचा’ भरवू लागली. आमच्या गल्लीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठरलेला निवेदक ऐन वेळी आलाच नाही. बायकांनी मला पुढं ढकललं. शाळेत वक्तृत्वाची ढाल मिळवली होती, तेवढंच माझं भांडवल. उखाणे घ्यायला लावले, संगीतखुर्ची घेतली, दोन तास कसे गेले कळलं नाही. मग डोहाळजेवणाचं बोलावणं आलं, बारशाचं आलं आणि शेवटी लग्नाचं.

नारळ नि ब्लाउजपीस बघून हे हसले. म्हणाले, “तू मागत नाहीस, म्हणून ते देत नाहीत.” दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क पावतीपुस्तक आणून दिलं. निम्मे पैसे ठरवतानाच, उरलेले अक्षता पडायच्या आत. पहिला आकडा ५०१ रुपयांचा. तो तोंडातून काढताना माझे कान तापले होते, पण समोरच्यानं निमूट पैसे काढून दिले की हो!

लोकांना वाटतं, आमचं काम बोलण्याचं. मैत्रिणींनो, निम्मं काम गप्प कधी बसायचं हे कळण्याचं आहे. मंगलाष्टकं सुरू झाली की माइक भटजींचा. त्याआधी भटजींना भेटून मुहूर्ताचा मिनिट लिहून घ्यायचा, फोटोग्राफरला हार घालण्याची जागा दाखवायची आणि पहिली पंगत केव्हा बसणार ते आचाऱ्याला विचारायचं. अक्षता पडण्याआधी जेवणाचं नाव माइकवर काढलं की अर्धा मांडव उठलाच म्हणून समजा.

आमच्या भागात आणखी एक दुखणं आहे, ते म्हणजे सत्कारांचं. पाहुण्यांना फेटे, टोपी-टॉवेल, मग कुणी पुढारी येणार, त्यांचे शुभाशीर्वाद. इकडे अंतरपाट धरून धरून मामांचे हात भरून येतात, नवरी घामाघूम आणि मुहूर्त केव्हाच टळलेला. मी आता ठरवतानाच यजमानांना सांगते, सत्काराची नावं आदल्या रात्री द्या, मुहूर्ताआधी दहा मिनिटं मी यादी मिटणार. मग राहिलेल्यांचा मान अक्षतांनंतर. कुणी रुसतं, पण नवरीची आई मात्र हळूच माझा हात दाबते.

घशाची काळजी बाकी तुमच्या-आमच्यासारखीच. कोमट पाणी, ज्येष्ठमधाची काडी, खडीसाखर. कार्याच्या दिवशी पोटभर जेवण आणि आइस्क्रीम वर्ज्य!

हे सगळं मी हळूहळू शिकले. पण एक गोष्ट शिकले ती फार मोठी चूक करून.

२००८ सालचं लग्न. वरपक्षाच्या मानकरी बायकांची यादी माझ्या हातात होती. जुन्या पत्रिकेवरून कुणीतरी उतरवून दिलेली. मी थाटात वाचत गेले, सौ. अमुक, सौ. तमुक. एका नावाला मांडवात एकदम शांतता पसरली. त्या बाईंचे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले होते. त्या कोपऱ्यात बसलेल्या होत्या. उठल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. मी सगळ्यांदेखत माफी मागितली, पण सुटलेला शब्द परत कसा घेणार?

घरी येऊन रडले. हा धंदाच नको म्हटलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना माझं माइकवर बोलणं कधी रुचलं नव्हतं, म्हणून वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, रडून काय होणार? नावाआधी काय लावायचं ते आधी विचारत जा. आम्हा बायकांचं सगळं आयुष्य त्या एका अक्षरात कोंबून ठेवलंय. ते अक्षर गेलं की कुणी बोलवतसुद्धा नाही.”

मी चमकून बघितलं. सासरे जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी गल्लीत हळदीकुंकू गाजवत होते आणि माझ्याच घरात ही बाई त्या दिवशी दार लोटून बसत होती. ते माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हापासून एक वही केली. नाव, नातं, नावाआधी काय लावायचं आणि उच्चार. दोन्ही पक्षांच्या एकेका जाणत्या बाईकडून प्रत्येक नाव तपासून घ्यायचं. ही वही हातात असल्याशिवाय मी मांडवात पाऊल टाकत नाही.

२०२० आणि २१ मध्ये वही तशीच पडून राहिली. २१ च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढ्यातच लग्न उरकायचा नियम आला. पंचवीस माणसांना निवेदिका कशाला? त्या दिवसांत पावतीपुस्तकाच्या शिस्तीनं साठवलेल्या पैशांनी घर तगलं.

मग २०२२ चा मे महिना. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर राहतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यानं मला बोलायला धीर आला.

त्याच वर्षीच्या एका लग्नात नवरीला वडील नव्हते. कन्यादान काका-काकू करणार होते. आई भांडारगृहात नारळ मोजत होती. मी आदल्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं, “आशीर्वादाला बोलावू का?” ती म्हणाली, “नको बाई, लोक काय म्हणतील?” थोड्या वेळानं तीच परत आली. “मुलगी हट्ट धरून बसलीय. बोलवा.” मी वही उघडली. “नावाआधी काय लावू?” क्षणभर थांबून ती म्हणाली, “काही नको. नुसतं नाव घ्या आणि नवरीची आई म्हणा.”

तसंच म्हटलं. दोन-चार माना वळल्या, कुजबुज झाली. पण काकूंनीच पुढं होऊन तिचा हात धरला.

रात्री घरी सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “आली का ती वर?” म्हटलं, “आली.” त्या काही बोलल्या नाहीत.

संक्रांतीला मी त्यांना म्हटलं, “यंदा तुम्ही यायचं.” त्या म्हणाल्या, “मला खाली बसवत नाही. खुर्ची लागेल.”

मी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली.