ओळी मी वाचायचे

क्लाइव्ह सिंक्लेअर सप्टेंबर २०२१मध्ये गेले, तेव्हा त्यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम पुन्हा बातम्यांत आला. रबरी कळा, कोपऱ्यातले रंगीत पट्टे, १९८२ साल, १२५ पौंडांपासून किंमत. २०२४मध्ये त्याची प्रतिकृती बाजारात आली, तेव्हाही तेच. जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या बातम्यांचा साचा ठरलेला असतो : एक मुलगा, त्याची खोली, त्याने एकट्याने रचलेला गेम. आणि शेवटी, हे यंत्र आज केवढ्याला विकलं जातं.

भारत त्यात सहसा नसतोच. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६मध्ये परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथे आणला होता. तो आमच्या पौडच्या घरी होता. पौड मुळशी तालुक्याचं ठिकाण, पण हल्ली ‘हिंजवडीचं आयटी पार्क ज्या तालुक्यात आहे ना, तिथलं’ असं सांगावं लागतं!

आमच्या कळा रबरी नव्हत्या, टणक प्लास्टिकच्या. मुलाची वेगळी खोलीही नव्हती. माजघरातल्या टीव्हीवर वडिलांच्या बातम्या संपल्या की यंत्र जोडायचं. कॅसेटवरून गेम चढायला पाचेक मिनिटं, टेपची किंचाळी, पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

खरा वेळ जायचा तो मासिकांतले छापील प्रोग्रॅम उतरवण्यात. दादा टाइप करायचा, मी ओळी वाचून दाखवायचे. यात बेसिकचा अख्खा शब्द एका कळीवर असे : ‘पी’ दाबलं की ‘प्रिंट’, ‘जी’ दाबलं की ‘गोटू’. आमचं इंग्रजी पाचवीपासून, त्यामुळे गोटू हे मला बरेच दिवस कुणाचं तरी नाव वाटे. पण नसलेल्या ओळीकडे पाठवलं, तरी हे यंत्र तक्रार न करता त्यापुढच्या ओळीवर जातं. त्यामुळे चूक दिसत नाही, फक्त उत्तर बिघडतं. अशा जागा वाचता वाचता माझ्या लक्षात यायला लागल्या. दादा म्हणायचा, “तू नुसतं वाच.” पुढे आम्ही वडिलांसाठी भातलावणीच्या मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्रॅम केला. पाहुण्यांना आई सांगायची, “याने केलंय.”

मध्यंतरी एका वार्ताहराने रेट्रो गेमिंगवरच्या लेखासाठी दादाशी तासभर गप्पा मारल्या. छापून आला तो यंत्र मांडीवर घेतलेला दादा, आणि मजकुरात एकटा मुलगा. दादा म्हणतो, “तुझं सांगितलं होतं मी.” सांगितलंही असेल. साच्यात वाचणाऱ्या बहिणीला जागा नाही. ब्रिटनमधल्या लेखांतही मला ती क्वचितच दिसते.

यंत्राला किंमत आली, कॅसेटींना नाही. मुळशीच्या पावसात त्यांना बुरशी धरते. दादाच्या माळ्यावरून एक मी मागून आणली. लेबलवर माझं अक्षर आहे : ‘भात हिशेब. ओळ २४० बघणे.’ चालू टेपरेकॉर्डर शोधते आहे.